सल्ला न देणारे समुपदेशक: कार्ल रॉजर्स यांचा विचार स्वतःसाठी कसा वापरायचा?

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंबंधीच्या एका प्रकरणात देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक असावा, ही त्यातली एक. बातमी वाचून अनेक पालकांच्या मनात साहजिक प्रश्न आला असेल: हे समुपदेशक करतात तरी काय? मुलाला समजावणार का? चार गोष्टी सांगणार का? ते तर आम्हीही रोज करतोच की!

समुपदेशकाकडे जाऊन आलेल्यांची तक्रार वेगळीच असते. "तासभर बसलो, पैसे मोजले, आणि बाईंनी एक सल्ला दिला नाही. उलट मलाच बोलतं करत होत्या."

बाईंनी कामात कुचराई केली असं यावरून समजू नये. सल्ला न देण्यामागे ऐंशी वर्षांहून जुना एक विचार आहे. त्याला व्यक्तिकेंद्रित समुपदेशन म्हणतात आणि तो मांडला कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने. स्वतःत बदल घडवू पाहणाऱ्या साध्या माणसाला, समुपदेशनाच्या खोलीबाहेर, हा विचार कितपत उपयोगी पडतो, ते पाहू.

दारातून परत फिरलेली आई

रॉजर्स यांचा जन्म १९०२ चा, शिकागोजवळच्या ओक पार्कमधला. १९२८ पासून बारा वर्षं ते रॉचेस्टर शहरात अडचणीतल्या मुलांसाठी काम करत होते. तिथला एक अनुभव त्यांनी पुढे लिहून ठेवला आहे.

एका खोडकर, हाताबाहेर गेलेल्या मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. आईने लहानपणापासून मुलाला मनातून दूर लोटलंय, दुखणं तिथे आहे, हे रॉजर्स यांना स्पष्ट दिसत होतं. कित्येक भेटींत त्यांनी ते हळुवारपणे तिच्या लक्षात आणून द्यायचा प्रयत्न केला. काही उपयोग होईना. शेवटी ते म्हणाले, आपण दोघांनी प्रयत्न केले, आता थांबू या. तिला पटलं. हात मिळवून ती निघाली, दारापर्यंत गेली आणि वळून तिने विचारलं, "इथे मोठ्या माणसांसाठी काही करता का?" ते हो म्हणाले. ती परत येऊन खुर्चीत बसली आणि नवऱ्याबद्दल, मोडत चाललेल्या संसाराबद्दल, स्वतःच्या हरलेपणाबद्दल बोलत सुटली. आधीच्या भेटींत तिने सांगितलेल्या माहितीत यातलं काहीच आलं नव्हतं. या वेळी रॉजर्स यांनी फक्त ऐकलं. पुढे तिचा संसार सावरला आणि मुलाचं वागणंही सुधारलं.

कुठे दुखतंय आणि कुठल्या दिशेने जायचं, हे त्या माणसालाच जास्त कळतं, असा धडा रॉजर्स यांनी यातून घेतला. त्यांचं निदान चुकलं होतं असंही नाही. बरोबर असूनही ते निरुपयोगी ठरलं, आणि मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते ती त्यामुळेच. घराघरांत दिले जाणारे बहुतेक सल्ले बरोबरच असतात की!

तीन गोष्टी, आणि सदाशिव पेठेतला एक मुलगा

माणूस बदलायला काय लागतं, हे रॉजर्स यांनी १९५७ च्या एका प्रसिद्ध निबंधात मांडलं. त्यातल्या सहा अटींपैकी तीन समुपदेशकाच्या वागण्याबद्दल आहेत. पहिली खरेपणा, म्हणजे आत जे वाटतंय आणि बाहेर जे दाखवतोय त्यांत फट नसणं. दुसरी विनाअट स्वीकार, म्हणजे समोरच्याची किंमत त्याच्या यशावर किंवा चांगल्या वागण्यावर न ठरवणं. तिसरी समानुभूती, म्हणजे त्याचं जग त्याच्या जागेवरून पाहणं, पण आपण तिथे पाहुणे आहोत हे न विसरता. इतकं असलं की पुरे, वेगळं तंत्र लागत नाही, असा त्यांचा दावा होता. दावा भलताच धाडसी, आणि त्यावर अजून वाद चालू आहेत.

व्याख्यांपेक्षा उदाहरण बरं. समजा, सांगलीकडचा एक मुलगा पुण्यात सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेची तयारी करतोय. तीन प्रयत्न झालेत, यंदा पूर्वपरीक्षेतच अडकला. मित्राला म्हणतो, "घरी फोन करायची हिंमत होत नाही रे."

मित्र जीवाभावाचा आहे, म्हणून लगेच सुरू होतो. "अरे, एवढं काय त्यात? लोकांची सहाव्या प्रयत्नात निघते." "मी तुला सांगत होतो, सीसॅट हलक्यात घेऊ नको." "कर की फोन, खाणारेत का ते तुला?" पहिल्या वाक्यात धीर आहे, दुसऱ्यात निदान, तिसऱ्यात सल्ला. तिन्हींच्या मागे प्रेम आहे. पण प्रत्येक वाक्यानंतर त्या मुलाला मित्राच्या वाक्याला उत्तर द्यावं लागतं आणि स्वतःचं बोलायचं राहूनच जातं.

आता समजा मित्र एवढंच म्हणाला, "फोन हातात घेतला की पोटात गोळा येतो, असं?" मुलगा जरा थांबतो. "गोळा नाही रे. निकालाचं ते काही बोलतच नाहीत. आप्पा फक्त विचारतात, जेवलास का? तेच ऐकवत नाही."

मित्राचा अंदाज चुकला, तरी काम झालं. तो अंदाज म्हणूनच मांडला होता, त्यामुळे मुलाला आत डोकावून 'हे नाही, ते' असं म्हणता आलं. रॉजर्स यांच्या पद्धतीची टिंगल 'समोरच्याचं वाक्य पोपटासारखं परत म्हणणं' अशी बरीच झाली. त्यांचं म्हणणं होतं, मी त्याच्या भावना त्याला परत ऐकवत नाही, मला नीट कळलंय की नाही ते तपासून घेतो.

तळघरातले बटाटे

पण सल्ला दिला नाही तर माणूस योग्य दिशेने जाईलच कशावरून? इथे रॉजर्स यांची मूळ श्रद्धा येते, आणि ती समजावायला ते आपल्या लहानपणची आठवण सांगत. हिवाळ्यासाठी त्यांच्या घरी तळघरात बटाटे साठवलेले असत. वर एक लहानशी खिडकी. त्या अपुऱ्या उजेडातही बटाट्यांना कोंब फुटत. मातीत फुटणाऱ्या हिरव्या, धडधाकट कोंबांसारखे ते नसत. पांढुरके, किडकिडीत, पण खिडकीच्या दिशेने दोन-तीन फूट वाढत गेलेले. त्यांची पूर्ण रोपं कधी होणार नसत, तरी त्यांची धडपड सुटत नसे. मनोरुग्णालयाच्या मागच्या वॉर्डांत वर्षानुवर्षं पडून असलेली माणसं पाहिली की रॉजर्स यांना ते कोंब आठवत. वागणं विचित्र दिसलं तरी मिळालेल्या परिस्थितीत वाढण्याचाच तो प्रयत्न असतो, असं ते मानत.

मग वाढ वाकडी होते कशामुळे? रॉजर्स यांचं उत्तर: मान्यतेच्या अटींमुळे. लहान मुलाला प्रेम हवं असतं आणि ते कशावर मिळतं हे त्याला फार लवकर कळतं. शहाणी मुलं रडत नाहीत. पहिला नंबर आला की आजी पेढे वाटते. मुलीच्या जातीला एवढा राग बरा नव्हे. हळूहळू मूल स्वतःचं रडणं, राग, कंटाळा नाकारायला शिकतं. पुढे सांगणारी माणसं उरली नाहीत तरी त्यांचा आवाज आत शिल्लक राहतो. चाळिशीतली बाई रविवारी दुपारी घटकाभर आडवी होते. घरात कुणी नसतं, तरी बेल वाजली की दचकून उठून केस सारखे करते. ती अट कुणी घातली, हे तिला आठवतही नसतं.

मी आहे कसा आणि असायला हवा कसा, या दोन चित्रांतलं अंतर फार वाढलं की माणूस त्रासतो. शिकागो विद्यापीठात रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी हे मोजायचा प्रयत्न केला. लोकांना स्वतःबद्दलची वाक्यं लिहिलेली कार्डं दिली. ती एकदा 'मी असा आहे' म्हणून लावायची, एकदा 'मला असं व्हायचंय' म्हणून. समुपदेशनानंतर या दोन मांडण्या एकमेकींच्या जवळ आलेल्या दिसल्या. हे काम १९५४ मध्ये प्रसिद्ध झालं.

हे स्वतःवर लावायचं म्हणजे काय करायचं?

व्यक्तिमत्त्व विकासाच्या नावाने आज जे विकलं जातं, ते बहुतेक नव्या अटींच्या याद्याच असतात. पहाटे पाचला उठा. रोज डायरी लिहा. नकारात्मक माणसं तोडा. यादी पाळली तर तुम्ही भारी, सुटली तर पुन्हा नालायक. आजीच्या पेढ्यांची जागा मोबाइलवरच्या रीलने घेतली, एवढाच काय तो फरक. रॉजर्स यांचा रस्ता उलट बाजूने सुरू होतो.

एक साधी सवय त्यांच्या विचारातून घेता येते. कुठलाही संकल्प करताना विचारायचं: हे जमलं नाही तर मला कुणासमोर लाज वाटेल? चेहरा लगेच डोळ्यांसमोर आला, सासूबाईंचा, शाळेतल्या बाईंचा, पुढे निघून गेलेल्या वर्गमित्राचा, तर तो संकल्प बहुधा त्या चेहऱ्याचा आहे. म्हणून तो टाकून द्यावा असं नाही. कधी कधी सासूबाईंचं बरोबरही असतं. पण आपण कुणाची परीक्षा देतोय, हे माहीत असावं.

दुसरी गोष्ट युजीन जेंडलिन यांची. ते शिकागोत रॉजर्स यांच्याबरोबर काम करत. समुपदेशनाच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास करताना त्यांना दिसलं की ज्यांना पुढे फायदा होतो त्यांची बोलण्याची पद्धतच वेगळी असते. ते मध्येच अडखळतात. "म्हणजे राग आला... नाही, राग नाही, काहीतरी वेगळं..." असं चाचपडतात. घडाघडा, मुद्देसूद हकिगत सांगणाऱ्यांपेक्षा अशा चाचपडणाऱ्यांची प्रगती जास्त. सदाशिव पेठेतला मुलगा "गोळा नाही रे" म्हणाला तेव्हा त्याने नेमकं हेच केलं. जेंडलिन यांनी यातून कुणालाही शिकता येईल अशी रीत बांधली. शांत बसायचं, एखादी अडचण मनात आणायची आणि छातीत, घशात, पोटात काय जाणवतं ते पाहायचं. त्याला एक शब्द द्यायचा. तो त्या जाणिवेला लागू पडतो का, ते पडताळायचं. नसेल तर दुसरा. नेमका शब्द सापडला की शरीर किंचित सैल पडतं. घाई करायची नाही आणि लगेच उपाय शोधायचा नाही.

तिसरा तो खरेपणा. स्वीकार आणि समानुभूतीबद्दल सगळे गोड बोलतात, खरेपणा मात्र बाजूला राहतो. माझ्या मते स्वतःच्या वाढीसाठी सगळ्यांत उपयोगी तोच, आणि सगळ्यांत अवघडही. "मला काही झालेलं नाही," असं म्हणत भांडी आपटणं आपल्या परिचयाचं आहे. खरेपणाची पहिली पायरी दुसऱ्याला काही सुनावण्याची नाहीच, मी चिडलोय हे आधी स्वतःला कळण्याची आहे. ते कळलं की वाक्य बदलतं. "तुला कुणाची काळजीच नाही" याऐवजी "तू उशिरा आलास की मी घाबरते, आणि घाबरले की ओरडते" असं म्हणता येतं. पहिल्या वाक्यावर भांडण होतं. दुसऱ्यावरही होऊ शकतं, पण निदान ते खऱ्या कारणावरून होतं. 'मी तोंडावर बोलतो' असं अभिमानाने सांगणाऱ्यांनी याला खरेपणा समजू नये. त्यांना दुसऱ्याबद्दल बरंच माहीत असतं, स्वतःच्या भीतीबद्दल क्वचित.

स्वतःला आहे तसं स्वीकारलं तर सुधारणार कोण?

ही शंका सगळ्यांनाच येते. रॉजर्स यांनी ती उलटी करून ठेवली: मी जसा आहे तसा स्वतःला स्वीकारतो तेव्हाच बदलू शकतो, ही गंमत त्यांनी नोंदवली आहे. ऐकायला सुभाषित वाटतं, पण कारण साधं आहे. चूक मान्य केली की आपली किंमत कमी होणार असेल, तर मन चूक लपवतं. लपवलेल्या चुकीवर काम कसं करणार?

याला प्रयोगांचा थोडा आधारही आहे. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन या कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. एकात विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची मुद्दाम कठीण चाचणी दिली. नंतर काहींना या अपयशाकडे स्वतःशी मायेने पाहायला सांगितलं, काहींचा आत्मविश्वास वाढेल असं बोललं गेलं, काहींना काहीच नाही. पुढच्या चाचणीसाठी जास्त वेळ अभ्यास केला तो पहिल्या गटाने.

आणि विनाअट स्वीकार म्हणजे सगळं चालवून घेणं नव्हे. मुलाने बहिणीला मारलं तर हात धरायचाच. 'मारायचं नाही' आणि 'तू वाईट मुलगा आहेस' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच.

हे अमेरिकेतलं झालं. आपल्या घरात कसं चालेल?

रॉजर्स यांचं घर मोकळंढाकळं होतं असं कुणाला वाटत असेल तर तसं मुळीच नाही. ते बारा वर्षांचे असताना कुटुंब शेतावर राहायला गेलं. वातावरण कडक धार्मिक आणि कष्टाचं. दारू, नाच, पत्ते, नाटक सगळं वर्ज्य. आयुष्यातली सोड्याची पहिली बाटली पितानाही आपण काहीतरी पाप करतोय असं वाटल्याचं त्यांनी लिहिलं आहे. मान्यतेच्या अटी त्यांनी आधी घरात अनुभवल्या होत्या.

तरी आक्षेपात तथ्य आहे. रॉजर्स यांच्या लेखनात 'मी' फार आहे. आपल्याकडे नोकरी, लग्न, आईवडिलांचं आजारपण, गावाकडची जमीन यांतला कुठलाच निर्णय एकट्याचा नसतो. 'मला आतून काय वाटतं' हे कळल्यावरही चार जणांसाठी वेगळं वागावं लागतं, आणि कधी ते मनापासून पटूनही केलेलं असतं. ओळखूनउमजून केलेली तडजोड आणि नाकळतेपणी गिळलेला आवंढा यांत फरक आहे. पहिलीला रॉजर्स यांच्या विचारात जागा आहे असं मला वाटतं, जरी त्यांनी तिच्यावर फारसा भर दिला नाही.

मराठी वाचकाला रॉजर्सपेक्षा अल्बर्ट एलिस जास्त ओळखीचे आहेत. कि. मो. फडके यांनी त्यांचा विवेकनिष्ठ मानसोपचार मराठीत आणला आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लेखन-व्याख्यानांतून तो खूप लोकांपर्यंत पोचला. एलिस अविवेकी विचाराशी थेट वाद घालतात, रॉजर्स ऐकत राहतात. १९६० च्या दशकातल्या एका प्रसिद्ध शैक्षणिक चित्रफितीत या दोघांनी एकाच स्त्रीशी वेगवेगळं बोललेलं पाहायला मिळतं, आणि स्वभावांतला फरक गमतीदार दिसतो. पण माणसाने स्वतःला विनाअट स्वीकारावं, हे एलिसही सांगत होते. वाद रस्त्याचा आहे.

एकट्याने जमतं का?

थोडंफार जमतं. पूर्ण नाही, आणि याचा पुरावा खुद्द रॉजर्स यांच्या आयुष्यात आहे. १९५० च्या आसपास, कीर्ती असताना, एका अत्यंत अस्वस्थ व्यक्तीवर उपचार करता करता ते स्वतःच कोलमडले. सगळं सोडून पत्नीबरोबर दोन-तीन महिने दूर निघून गेले. परत आल्यावर त्यांनी आपल्याच संस्थेतल्या एका सहकाऱ्याकडून उपचार घेतले. आपलं काम लोकांना आवडेल, पण आपण स्वतः कुणाला आवडणार नाही, असं त्यांना खोलवर वाटत होतं. विनाअट स्वीकाराचा सिद्धान्त मांडणाऱ्यालाही तो स्वीकार दुसऱ्या माणसाकडूनच मिळवावा लागला.

मग माणसाऐवजी चॅटबॉट चालेल का? हा प्रश्न वाटतो तेवढा नवा नाही. १९६६ मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाम यांनी एलायझा नावाचा संगणक प्रोग्राम प्रसिद्ध केला. त्याचा सर्वांत गाजलेला अवतार रॉजर्स पद्धतीच्या समुपदेशकाची नक्कल करत असे. तुमचंच वाक्य प्रश्न बनवून परत विचारायचा, बस. आत समज शून्य. तरी त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलता बोलता त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं! वायझेनबाम यांना याचा आनंद झाला नाही, काळजी वाटली. आजचे चॅटबॉट कितीतरी चतुर आहेत. बोलून मोकळं व्हायला, शब्द सापडायला ते मदत करत असतील. पण रॉजर्स यांच्या तीन गोष्टींतली पहिलीच तिथे अडते: आत काही वाटतच नसेल तर आत-बाहेरची फट नसण्याला अर्थ काय?

पुरावा किती, मर्यादा कुठे?

इंग्लंडमधल्या शेफील्ड इथे नैराश्याच्या ५१० रुग्णांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यक्तिकेंद्रित पद्धतीचं समुपदेशन आणि विचार-वर्तन उपचार (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी पद्धत, सीबीटी) यांची त्यात तुलना होती. सहा महिन्यांनंतर पहिली पद्धत दुसरीपेक्षा कमी ठरली नाही. वर्षानंतर मात्र विचार-वर्तन उपचाराचं पारडं जड दिसलं. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर रॉजर्स यांनी विस्कॉन्सिनमध्ये केलेल्या प्रयोगाचे निकाल निराशाजनक होते. १९६६ मध्ये तर चार्ल्स ट्रुअक्स यांनी रॉजर्स यांचीच ध्वनिमुद्रणं तपासून दाखवलं की काही प्रकारच्या बोलण्याला ते नकळत जास्त ऊब देत. म्हणजे विनाअट स्वीकार त्यांनाही पूर्ण साधला नव्हता. आपल्याला घरी अधूनमधून साधला तरी खूप.

झोप-भूक आठवडेच्या आठवडे बिघडली असेल, भास होत असतील, व्यसन सुटत नसेल किंवा जगू नये असं वाटत असेल, तर स्वतःवर प्रयोग करत बसू नये. मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते.

समुपदेशक निवडताना शिक्षण काय, कोणत्या पद्धतीने काम करता, फी किती, माझं बोलणं कुणाला आणि कधी सांगावं लागेल, हे पहिल्याच भेटीत विचारावं. त्यात उद्धटपणा नाही. दोन-तीन भेटींनंतरही आपण तिथे शहाण्यासारखे दिसायला धडपडतोय असं जाणवलं, तर तेच त्यांना सांगून पाहावं: "मी तुमच्यासमोर चांगलं वागायचा प्रयत्न करतोय." त्यावर ते काय करतात, यावरून पुढे जायचं की दुसरीकडे शोधायचं, ते ठरवता येतं.